गुळवेल, भक्षक पेशी आणि आपण

पावसाळा उतरणीला लागून भाद्रपद-आश्विनातील तापाचे दिवस सुरू झाले की सोलापुरातील काष्ठौषधींच्या दुकानांत गुळवेलीची मागणी वाढते, हा औषधी विक्रेत्या बंधूंचा दरवर्षीचा अनुभव आहे. पूर्वीचे गिऱ्हाईक कांडी हातात घेऊन, साल नखाने खरवडून, 'निंबावरचीच आहे ना?' असे विचारून मगच पैसे देत असे. आजचे गिऱ्हाईक 'इम्युनिटीसाठी काहीतरी द्या' असे म्हणते आणि घनवटीची बाटली घेऊन जाते. पहिल्याला वनस्पती ठाऊक होती, दुसऱ्याला केवळ एक शब्द ठाऊक आहे. त्या शब्दाच्या मागे नेमके काय आहे, त्याविषयी आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या केईएम रुग्णालयात, किती कसोशीने काम झाले आहे आणि त्या कामाचा अर्थ पुरता ध्यानात न घेतल्यामुळे गेल्या काही वर्षांत काय घडले, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

शत्रूस मारावे की शिपायास बळ द्यावे

जंतुसंसर्गाच्या चिकित्सेच्या दोन वाटा संभवतात. बाहेरून आलेल्या जंतूस थेट मारणारे द्रव्य देणे ही पहिली वाट. शरीरात मुळातच असलेली संरक्षक यंत्रणा सशक्त करून जंतूचा नाश तिच्याकरवी घडवून आणणे ही दुसरी. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात सर्व शरीरे व्याधिक्षमत्वाच्या दृष्टीने समान नसतात असे सांगून अतिस्थूल, अतिकृश, दुर्बल, असात्म्य आहारावर वाढलेली, अल्पाहारी, अल्पसत्त्व अशी शरीरे व्याधी सहन करण्यास असमर्थ असतात, असे म्हटले आहे. त्यावर टीका करताना चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ लावले : उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बळास विरोध करणे आणि व्याधीची उत्पत्तीच रोखणे. वैद्य बंधुभगिनींना हे विदित आहेच. तथापि पुढील सर्व विवेचन या दोन अर्थांवर उभे असल्याने त्याचे स्मरण येथे करून ठेवतो.

पाश्चात्त्य वैद्यकातही या दोन वाटा एके काळी शेजारी शेजारी चालत होत्या. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत एका रोपाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. परक्या वस्तूस वेढून गिळणाऱ्या या पेशींना पुढे भक्षक पेशी हे नाव मिळाले. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आले, हा योगायोग मोठा बोलका आहे. मेचनिकॉफ शिपायांचा अभ्यासक होता. एर्लिख हाही प्रतिकारशक्तीच्याच अभ्यासासाठी गौरविला गेला, पण जंतूस अचूक वेधणाऱ्या रासायनिक बाणाच्या शोधात तो गुंतलेला होता आणि दोनच वर्षांनी, १९१० साली, त्याचे साल्व्हर्सन उपदंशावर वापरात आले.

त्याच सुमारास लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात सर आल्मरॉथ राइट भक्षक पेशींना उत्तेजन देऊन जंतुविकार बरे करण्याच्या खटपटीत होते. बर्नार्ड शॉ यांनी १९०६ साली त्यांच्यावरून बेतलेले 'द डॉक्टर्स डायलेमा' हे नाटक लिहिले. त्यात एक प्रतिष्ठित डॉक्टर कोणत्याही रोगावर भक्षक पेशींना चेतविण्याचा एकच उपाय सांगत फिरतो आणि त्याच्या हातून रुग्ण दगावतो. राइट यांना स्वतःला मात्र हे ठाऊक होते की रुग्णाची प्रतिकारशक्ती भरती-ओहोटीप्रमाणे चढते-उतरते आणि ओहोटीच्या वेळी दिलेली चेतना घातक ठरते. काळ आणि अवस्था पाहून औषध द्यावे हे आपल्याकडील विद्यार्थी पहिल्या वर्षापासून शिकतो. शॉसाहेबांनी त्यावर प्रहसन रचले. आजच्या 'इम्युनिटी' जाहिराती पाहिल्या की ते नाटक शंभराहून अधिक वर्षे जुने असल्याचे आम्हांस खरे वाटत नाही.

पुढे १९२८ साली राइट यांच्याच विभागात काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांस पेनिसिलीन सापडले. १९४० नंतर प्रतिजैविकांचे युग सुरू झाले आणि दुसरी वाट जवळजवळ ओस पडली. जंतू मारणारे औषध हाताशी असताना शिपायाची विचारपूस कोण करणार? आज जंतूंनी एकामागून एक प्रतिजैविके निकामी केल्यावर जग पुन्हा त्या वाटेकडे वळून पाहत आहे.

केईएममधील प्रयोग

आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी की, या वाटेवर मुंबईच्या परळ भागात १९८० च्या दशकातच पावले पडली होती. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज व केईएम रुग्णालयात औषधशास्त्र विभागाच्या डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी आयुर्वेदातील रसायन द्रव्ये प्रयोगशाळेत तपासण्यास घेतली. डहाणूकर बाई आयुर्वेदाच्या पदवीधर नव्हत्या. आधुनिक औषधशास्त्र हे त्यांचे शास्त्र होते. म्हणूनच त्यांनी विचारलेला प्रश्न आपणांपैकी अनेकांना सुचला नव्हता. रसायन हे जर ओज वाढविते व व्याधीस विरोध करिते, तर ते शरीरातील कोणत्या पेशीचे कोणते काम वाढविते, आणि ते मोजता येईल काय? गुडूची, अश्वगंधा, शतावरी, पिप्पली, आमलकी, हरीतकी या परिचित द्रव्यांना त्यांनी हा प्रश्न विचारला. २००२ साली त्यांचे निधन झाले, परंतु त्यांनी घालून दिलेली चाकोरी त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडली नाही.

गुळवेलीवरील त्यांच्या प्रयोगांपैकी १९९२ साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरील प्रयोग प्रत्येक वैद्याने समजून घ्यावा असा आहे. उंदरांच्या एका गटास काही दिवस आधीपासून गुळवेलीचा जलीय अर्क देण्यात आला, दुसऱ्यास नुसते पाणी. त्यानंतर दोन्ही गटांच्या उदरपोकळीत ई. कोलाय जंतूंचा संसर्ग घडविण्यात आला. पाणी दिलेले सर्व उंदीर दगावले; गुळवेल दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण १७.८ टक्के राहिले. आता यातील मर्म पाहावे. हाच अर्क परीक्षानळीत जंतूंवर थेट टाकला असता जंतू मेले नाहीत. म्हणजे गुळवेल जंतुनाशक नाही. ज्या उंदरांना ती मिळाली होती त्यांच्या रक्तातील न्यूट्रोफिल पेशी जंतूंना अधिक प्रमाणात गिळत होत्या आणि गिळलेले जंतू पोटात अधिक प्रमाणात मारीतही होत्या. गिळणे आणि मारणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे येथे विसरू नये. गिळलेला जंतू न मरता पेशीतच सुखाने राहू शकतो. क्षयाचा जंतू नेमके तेच करतो.

१९९४ साली याच चमूने दाखविले की गुळवेल दिल्यावर प्राण्यांच्या रक्तद्रवात अस्थिमज्जेतील भक्षक पेशींच्या वाढीस चालना देणारे घटक वाढतात. योगायोग असा की त्याच वर्गातील घटक कृत्रिमरीत्या बनवून १९९१ पासून अमेरिकेत औषध म्हणून वापरले जाऊ लागले होते. कर्करोगाच्या औषधांनी ज्यांच्या पांढऱ्या पेशी घटतात त्यांना ती इंजेक्शने आज सर्रास दिली जातात.

उंदरांवरून माणसाकडे येण्याची वाट शल्यविभागातून गेली. केईएमचे शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांचे नाव मराठी वाचकांस 'वॉर्ड नंबर पाच, केईएम' या पुस्तकामुळे परिचित आहे. अर्बुदामुळे पित्तमार्ग बंद होऊन कावीळ झालेले रुग्ण त्यांच्या विभागात येत. अशा रुग्णांत भक्षक पेशी दुबळ्या होतात, रक्तात जंतुसंसर्ग पसरतो आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण हाती लागत नाही. डॉ. निर्मला रेगे, डॉ. बापट, डॉ. डहाणूकर आदींनी अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. 'क' जीवनसत्त्व नव्हे, तर रक्त गोठण्यास आवश्यक असे 'के' जीवनसत्त्व, प्रतिजैविके आणि तुंबलेले पित्त नळीने बाहेर काढणे हे उपचार दोन्ही गटांना समान होते. दुसऱ्या गटास त्याखेरीज गुळवेलीचा अर्क प्रतिदिन, शरीराच्या दर किलो वजनामागे १६ मिलिग्रॅम, देण्यात आला. पित्त काढल्यानंतर पहिल्या गटातील ५० टक्के रुग्णांत रक्तातील जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली, दुसऱ्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के. आणि भक्षक पेशींची गिळण्याची व मारण्याची क्षमता पूर्वपदावर आली ती केवळ गुळवेल मिळालेल्यांत. हा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला.

व्यासपीठावरून हे आकडे आम्ही स्वतः अनेकदा सांगितले आहेत आणि टाळ्या घेतल्या आहेत. सांगताना एक गोष्ट मात्र आमच्याकडून गाळली जात असे. दोन्ही गटांना प्रतिजैविके चालूच होती. गुळवेलीने प्रतिजैविकाची जागा घेतली नाही, त्याच्या जोडीस ती उभी राहिली. शिवाय ३० रुग्णांचा अभ्यास तो ३० रुग्णांचाच. ज्यांच्या भक्षक पेशी रोगामुळे दुबळ्या झाल्या होत्या अशांना तिचा उपयोग झाला. ज्याच्या पेशी मुळात सशक्त आहेत त्या निरोगी माणसाने रोज सकाळी ती घेतल्यास काय होते, हे या अभ्यासाने सांगितलेले नाही, सांगण्याचा आवही आणलेला नाही.

केईएममध्येच पुढे मधुमेही रुग्णांच्या पायाच्या व्रणांवर गुळवेल जोड-औषध म्हणून देऊन पाहण्यात आली. आपल्या जिल्ह्यात मधुमेहाने बोटे, पाऊल गमावलेले रुग्ण कोणत्या वैद्याने पाहिले नाहीत? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५० पैकी ४५ रुग्णांनी उपचार पूर्ण केले. गुळवेल घेतलेल्या २३ पैकी १७ जणांचे व्रण सुधारले, न घेतलेल्या २२ पैकी १३ जणांचे. सुधारणा गुळवेलीच्या बाजूस झुकलेली दिसते, परंतु संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरत नाही. काविळीच्या अभ्यासातील आकडे जसे आपण सांगतो तसे हेही सांगावयास हवेत. अन्यथा आपण वैद्य न राहता जाहिरातदार होतो.

शिपाई घरातही शिरतो

शरीरातील संरक्षक पेशी चेतविणे हे सर्वथा निरुपद्रवी असते, ही समजूत कुष्ठरोगाच्या अनुभवाने फार पूर्वीच खोडून काढली आहे. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. खानोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली कुष्ठरुग्णाच्या ऊतीपासून एक जंतू वाढविला आणि पुढे तेथेच त्यापासून आयसीआरसी लस तयार झाली. ज्या कुष्ठरुग्णांचे शरीर जंतूस जणू ओळखतच नाही, अशांच्या पेशींना जागे करणे हा तिचा एक हेतू होता. लस दिल्यावर काही रुग्णांत पेशी खरोखर जाग्या झाल्या, आणि त्यांच्यात जी प्रतिक्रिया उसळली तिला कुष्ठतज्ज्ञ उलट प्रतिक्रिया म्हणतात. कुष्ठविकारात अशी प्रतिक्रिया उसळली की चट्टे लाल होऊन सुजतात, नसा दुखू लागतात आणि वेळीच आवरले नाही तर हात-पाय लुळे पडू शकतात. जंतू नसेत दडलेला असतो. शिपाई त्याच्या मागे नसेत शिरतो आणि मोडतोड होते ती घराची.

२०२० साली करोनाची साथ आली तेव्हा हा धडा आपणां सर्वांच्याच विस्मरणात गेला होता. सोलापुरात पहिला रुग्ण एप्रिल २०२० मध्ये आढळला आणि पाहता पाहता पूर्व भागातील यंत्रमाग व विडी कामगारांच्या दाट वस्त्या साथीने ग्रासल्या. औषध नव्हते, लस नव्हती. लोकांनी आपले दार ठोठावले, यात नवल नव्हते. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये जी चिकित्सा-नियमावली प्रसिद्ध केली तीत गुडूची घनवटी ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, कोमट पाण्याबरोबर, पंधरा दिवस अथवा एक महिना असे सांगितले होते. यातील मात्रा सर्वांच्या ध्यानी राहिली, मुदत कोणाच्याच नाही. घरोघरी सकाळ-संध्याकाळ काढे उकळू लागले ते चार-चार, सहा-सहा महिने थांबले नाहीत. सोबत दालचिनी, मिरी, सुंठ, लवंग. ऋतू ग्रीष्माचा, तापमान चाळिशीच्या पुढे. पित्तप्रकृतीच्या माणसाने सोलापूरच्या उन्हाळ्यात असा काढा घ्यावा का, हा प्रश्नदेखील कोणी वैद्यास विचारला नाही, आणि वैद्यांनीही आपण होऊन सांगितला नाही.

२०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृतास इजा झाली होती. पुढे देशातील तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती एकत्र केली. यांतील अनेकांच्या तपासण्यांत, शरीराच्या संरक्षक पेशी स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची चिन्हे आढळली. ज्यांच्या यकृतात आधीच जुना विकार होता त्यांची अवस्था अधिक बिघडली. आयुष मंत्रालयाने निवेदने काढून गुळवेल सुरक्षित असल्याचे प्रतिपादन केले आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल चुकून वापरली जात असण्याची शक्यता निदर्शनास आणली.

हा वाद पेटला तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांची प्रतिक्रिया रागाची होती, आमचीही होती. हजारो वर्षांच्या अमृतेस विष म्हणता? पण शांतपणे विचार करता आम्हांस वाटते की, या हकीकती केईएमच्या प्रयोगांच्या विरुद्ध जात नाहीत. जे द्रव्य संरक्षक पेशींना खरोखर चेतविते ते, ज्या शरीरात त्या पेशी आधीच स्वकीयांवर उगारलेल्या आहेत तेथे, अपाय करू शकेल ही शंका तर्कास धरून आहे. गुळवेलीचे सामर्थ्य मान्य करावयाचे आणि त्या सामर्थ्याचा धोका मात्र नाकारावयाचा, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलता येणार नाहीत. क्रिस्पाचा मुद्दा खरा आहे. परंतु तो ढालीसारखा पुढे करून आपण सुटतो का? क्रिस्पा जर बाजारात आली असेल तर ती कोणाच्या दुकानातून आली?

हा प्रश्न आम्ही इतरांस विचारीत नाही. २०२० च्या पावसाळ्यात ताज्या वेलीचा पुरवठा टाळेबंदीमुळे तुटला तेव्हा आम्ही एका व्यापाऱ्याकडून गुळवेलीचे भरड चूर्ण पोत्यांनी घेतले आणि काढ्याच्या पुड्या बांधल्या. ओळख पटविण्याचे कोणतेही साधन भरडीत उरत नाही, हे माहीत असूनही घेतले, कारण मागणी होती. त्या पुड्या पाच महिने नियमाने घेणारी, चाळिशी ओलांडलेली, थायरॉइडची गोळी चालू असलेली एक भगिनी डोळे पिवळे झाल्यावर आमच्याकडे आली. काढा तत्काळ बंद करून तिला यकृततज्ज्ञाकडे पाठविले आणि काही महिन्यांत ती पूर्ण बरी झाली. अपाय गुळवेलीचा होता, भेसळीचा होता की आणखी कशाचा, हे आम्हांस आजही सांगता येत नाही; कारण त्या पोत्यातील चिमूटभर चूर्णही आम्ही नमुना म्हणून राखून ठेवले नव्हते.

वेल ओळखणे

यास्तव विक्रेत्या बंधूंसाठी काही गोष्टी सविस्तर नमूद करणे अगत्याचे वाटते. गुळवेलीचे चक्रलक्षणिका हे पर्यायनाव ओळखीची खूण म्हणूनच दिलेले आहे. कांडी आडवी कापली असता चाकाच्या आऱ्यांप्रमाणे रचना दिसते. खऱ्या गुळवेलीची वरची साल कागदासारखी पातळ असून सहज सुटते आणि खाली हिरवा गर दिसतो. खोडावर बारीक पुटकुळ्या असतात, पण विरळ. क्रिस्पाच्या खोडावर गाठीगाठींसारखे उंचवटे दाट असतात, बोट फिरविताच खरखरीत लागतात. फुले मिळाली तर निर्णय अधिक सोपा : गुळवेलीच्या नरफुलास सहा पाकळ्या, क्रिस्पाच्या नरफुलास तीन. गुळवेलीची फळे गोल, क्रिस्पाची लांबट. याखेरीज पानांच्या पाठीवर दाट लव असलेली आणखी एक जात गुळवेल म्हणून विकली जाते, तिच्याकडेही लक्ष असावे. या सर्व खुणा कांडी अखंड असेपर्यंतच उपयोगाच्या आहेत. म्हणून भरड किंवा चूर्ण विकत न घेता अखंड कांडी घ्यावी आणि ती आपल्या डोळ्यांदेखत कुटावी, हा नियम आम्ही आता पाळतो. मजुरी वाढते. ती वाढू द्यावी.

शार्ङ्गधरांनी जी द्रव्ये नेहमी ओलीच वापरावीत असे सांगितले आहे, त्यांत गुडूचीचा उल्लेख प्रथम येतो. सोलापूरसारख्या कोरड्या मुलखात हे पाळणे अवघड नाही, उलट सोपे आहे. बांधावर, शेताच्या कडेस निंबाची झाडे विपुल आहेत. छिन्नरुहा हे नाव सार्थ करीत गुळवेलीची तोडलेली कांडी जमिनीत रोवली की फुटते आणि निंबावर चढते. अंगठ्याएवढी जाड झालेली वेल तोडावी. निंबावरची वेल अधिक गुणकारी असते, हे वृद्ध वैद्य सांगत आले. आमचा अनुभवही तसाच आहे, परंतु त्यास प्रयोगाचे पाठबळ आम्ही देऊ शकत नाही. मात्र स्वतः रोवलेली वेल ही निःसंशय गुळवेलच असते, एवढा लाभ तरी निश्चित आहे.

सत्त्वाविषयी दोन शब्द. सत्त्व हे मुख्यतः पिष्ट आहे. केईएमचे प्रयोग जलीय अर्कावर झालेले आहेत, सत्त्वावर नाहीत. त्या प्रयोगांचे आकडे सत्त्वाच्या डबीवर छापणे योग्य नव्हे. तसेच त्या रुग्णांना दिलेला अर्क साठ किलो वजनाच्या माणसास दिवसाला सुमारे एक ग्रॅम भरतो. हा अर्क आहे, चूर्ण नव्हे, आणि एकाची मात्रा दुसऱ्यास लावता येत नाही. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम व काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम दिली आहे, ती प्रमाण मानावी.

कोणास, केव्हा, किती दिवस

सोलापूर हे रंगाऱ्यांचे गाव. सूत नीट धुऊन, खळ काढून घेतल्याखेरीज रंग धरत नाही, हे येथील चादरीच्या कारखान्यातील पोरासही ठाऊक असते. शोधन न झालेल्या शरीरात रसायन दिले तर ते मळक्या वस्त्रावर चढविलेल्या रंगासारखे वाया जाते, हा दृष्टान्त आपल्या ग्रंथकारांनी दिला आहे आणि तो सोलापूरकर वैद्यास वेगळा समजावून सांगण्याची गरज पडू नये. तरीही जिभेवर आम असलेल्या, अग्नी मंद असलेल्या रुग्णास आपण पहिल्याच दिवशी रसायन लिहून देतो. ज्वरात आमपाचक म्हणून दिलेली गुडूची वेगळी आणि रसायन म्हणून दिलेली वेगळी. पहिली ज्वर उतरला की थांबवावयाची आहे.

आमच्या चिकित्सालयात आता गुळवेल देण्यापूर्वी काही गोष्टी विचारल्याखेरीज राहात नाही. थायरॉइडचा, सांध्यांचा, त्वचेचा असा काही विकार आहे का, ज्यात शरीर स्वतःवरच उलटते? पूर्वी कावीळ झाली होती का, मद्यपान आहे का? मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत का? गुळवेल रक्तशर्करा उतरविते, त्यामुळे त्या गोळ्यांबरोबर साखर वाजवीपेक्षा खाली जाऊ शकते. अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यास ती देऊच नये. त्या औषधांचे आणि गुळवेलीचे उद्दिष्ट परस्परविरुद्ध आहे. क्षयरुग्णांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. विडी वळणाऱ्या आणि मागावर बसणाऱ्या कुटुंबांत क्षय आजही आहे, आणि सरकारी औषधांनी मळमळते म्हणून ती सोडून 'आपले' औषध मागणारे रुग्ण आपल्याकडे येतात. त्यांना आम्ही परत पाठवितो. क्षयाची औषधे स्वतः यकृतावर भार टाकतात. त्यांत देखरेखीवाचून आणखी काही मिसळणे धोक्याचे आहे. गुळवेल द्यावयाचीच असेल तर ती क्षयतज्ज्ञाच्या जाणिवेत, यकृताच्या तपासण्या करीत, आणि मूळ औषधे एक दिवसही न चुकविता.

हे सारे वाचून एखाद्या विक्रेत्या बंधूस वाटेल की गिऱ्हाईक दाराशी आले असता इतकी चौकशी कोण करणार. जंतुनाशक औषध देताना पुष्कळदा जंतू ओळखला की निम्मे काम होते. संरक्षक पेशींकरवी काम करून घेणाऱ्या औषधात रुग्ण ओळखावा लागतो, आणि हे आपल्या शास्त्रास नवीन नाही. प्रकृती, अग्नी, बल, काल यांची चौकशी हा आपला धंद्याचा वेळखाऊपणा नसून चिकित्सेचा गाभा आहे. काउंटरवरून बाटली सरकवताना आपण नेमके तेच सोडून देतो.

आमच्या पुडीवर हल्ली वेल कोठून आणली, कोणत्या महिन्यात तोडली, आणि 'पंधरा दिवसांनंतर वैद्यास दाखवावे' असे छापलेले असते. प्रत्येक खेपेच्या कांड्यांतील एक वीतभर तुकडा चिठ्ठी लावून कपाटात ठेवला जातो. गेल्या वर्षी विडी घरकुलातील एक वृद्ध आजी पुडी घेऊन गेल्या आणि सोळाव्या दिवशी पुन्हा उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'वैद्यबुवा, ह्याच्यावर दाखवा म्हणून लिव्हलंय, म्हणून आले. ताप गेला. आता ठेवू का उरलेलं?' उरलेल्या चार पुड्या आम्ही परत घेतल्या आणि पैसे त्यांच्या हाती ठेवले.